फोटोत पोतं नसतं

बिलोली तालुक्यात कुणी नवं घर बांधलं की त्याचा हॉल मोकळा दिसण्याचा दिवस एकच, वास्तुशांतीचा. त्या दिवशी छताला पीओपीची कमळं उमललेली असतात, कडेच्या एलईडी पट्ट्या निळ्याच्या गुलाबी आणि गुलाबीच्या हिरव्या होत असतात, आणि आलेला पाहुणा मान वर करून "लई भारी दिसायलंय की!" असं म्हणत जेवायला बसतो. मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघतं. लातूरच्या अडतीत नेमका तेव्हाच भाव पडलेला असतो. संक्रांतीपर्यंत तो चढणार, असं गावातला प्रत्येक जाणता माणूस छातीठोक सांगतो. मागच्या खोलीत ओल, अंगणात उंदीर. मग पोती हॉलमध्ये थप्पीला लागतात. सोफा भिंतीला सरकतो, टीपॉय बाजेखाली जातो, आणि रात्री त्या थप्पीवर गुलाबी उजेड पडतो.

मला हे दृश्य फार आवडतं. भाव न चढता संक्रांत उलटून जाते तरी ते दृश्य टिकून असतं, हा त्यातला आणखी एक गुण.

ज्या चित्रांवरून हे हॉल बांधले जातात त्या चित्रांत पोतं नसतं, एवढीच अडचण आहे. सिनेमात बघा, मासिकात बघा, हल्ली मोबाइलवर बोटानं सरकवत बघा. कुठल्याही सुंदर घरात गाद्यांची थप्पी नाही, इन्व्हर्टरची बॅटरी नाही, लग्नात आहेर आलेल्या आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून जाणाऱ्या टॉवेल-टोप्यांचं गाठोडं नाही. फवारणीचा बॅटरीवरचा पंप टीव्हीशेजारच्या सॉकेटला चार्जिंगला लावलेला मी तरी कुठल्या सिनेमात पाहिला नाही. आमच्याकडे तो घरोघर आहे, आणि तो लावायचा म्हणून टीव्हीच बंद ठेवावा लागतो.

जुन्या घरांनी हा प्रश्न सोडवला होता. माळवदाच्या घराच्या भिंती दोन-दोन हात जाड. त्या जाडीतच बळद ठेवलेलं असायचं. वरच्या तोंडातून धान्य ओतायचं, खालच्या तोंडातून लागेल तसं काढायचं. ढाळजेत बसून पान खाणाऱ्या पाहुण्याच्या पाठीशी भिंतीत वर्षाची ज्वारी उभी असे, आणि त्याला पत्ता नसे. उरलेलं जमिनीत, पेवात. असं सगळं भिंतीनं आणि भुईनं पोटात घेतल्यावर डोळ्यांपुढे उरायची ती चौकटीवरची गणेशपट्टी, देवळीतला दिवा आणि सणाला पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत. आजची मासिकं ज्याला 'मोजकी सजावट' म्हणतात ती हीच असावी. फक्त त्या मोजकेपणामागे दोन हात जाडीची भिंत लागते, हे मासिकं सांगत नाहीत.

ती भिंत का गेली, याचं उत्तर हौसेत शोधायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीची जमीन हादरली. लातूर-उस्मानाबादेत आठ-दहा हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी अशाच जाड दगडमातीच्या भिंतींखाली, माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेल्या मातीच्या थरांखाली गेली. बिलोली तिथून लांब, पण त्यानंतर इथेही म्हातारी माणसं झोपताना वरच्या तुळयांकडे बघायला लागली. ज्याला जमेल त्यानं स्लॅब टाकला. रेती तर दारातच होती. येसगीच्या पुलाखालून वाहणाऱ्या मांजरेच्या लाल रेतीची कीर्ती थेट हैदराबादेपर्यंत आहे.

आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, 'हम आपके हैं कौन' आला.

घराच्या बाबतीत त्या सिनेमानं आमच्याकडे जे करून ठेवलं ते नगररचना खात्यालाही जमलं नसतं. त्यातला प्रशस्त हॉल, हॉलमधूनच वर जाणारा जिना, जिन्यावरून उतरणारी माणसं! तोवर आमच्याकडे जिना बाहेर असायचा. त्याला कारण होतं, फक्त ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. घरात दोन मुलगे असले तर आज ना उद्या वाटणी होणार. मग थोरल्यानं खाली राहावं, धाकट्यानं वर, आणि येता-जाता एकमेकांची तोंडं बघायला लागू नयेत. नाहीच झाली वाटणी, तर वर भाडेकरू म्हणून मास्तर ठेवता येतो. बाहेरचा जिना म्हणजे बापानं विटा-सिमेंटात करून ठेवलेलं मृत्युपत्रच होतं.

आमच्या ओळखीच्या एका घरी यावरून मोठी चकमक झाली. धाकटी सून आणि दोन्ही मुलगे म्हणत, जिना हॉलमध्येच. आबा म्हणत, बाहेर. सुनेनं सिनेमाचा दाखला दिला. आबांनी तो सिनेमा माळेगावच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, घोंगडी टाकून, सावकाश पाहिलेला होता. ते म्हणाले, "त्याच जिन्यावरून पडून थोरली सून गेली की गं त्यातली! हे दिसलं नाही होय तुला?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, कारण थोरली सून झालेली रेणुका शहाणे त्यात खरोखरच जिन्यावरून पडते. तरीही जिना आतच झाला, चकचकीत स्टीलच्या कठड्याचा. त्यावरून आजवर कुणी गाणं म्हणत उतरलेलं नाही. खालच्या चार पायऱ्यांवर चपला असतात आणि वरच्या पायऱ्यांवर, हंगामात, तुरीची पोती. पुढे वाटणी झाली तेव्हा धाकट्याला बाहेरून लोखंडी जिना जोडून घ्यावा लागला. आता त्या घराला दोन जिने आहेत आणि आबांचा दोन्हींवर सारखाच राग आहे.

गंमत अशी की ज्या घरांवरून आपण छतं रंगवतो त्या घरांना पुष्कळदा छतच नसतं. स्टुडिओतला सेट साधारणपणे तीन भिंतींचा. चौथ्या बाजूला कॅमेरा आणि वर दिवे टांगलेले. 'कभी खुशी कभी गम'मधलं रायचंद मंडळींचं दिल्लीतलं आलिशान घर बाहेरून दिसतं ते मुळात इंग्लंडातलं वॉडसडन मॅनर, रॉथ्सचाइल्ड नावाच्या बॅरननं एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. दार इंग्लंडात आणि दिवाणखाना मुंबईच्या सेटवर, असं घर बिलोलीच्या गवंड्याकडे मागायचं म्हणजे त्याचीही परीक्षाच. 'देवदास'साठी नितीन देसाईंनी पारोचं रंगीत काचांचं घर उभं केलं. त्यानंतर आमच्याकडच्या खिडक्यांना लाल-निळ्या काचा बसल्या. दुपारी त्या खिडकीतून ऊन आलं की ताटातली भाकरी जांभळी दिसते.

शिवाय आम्ही पडलो सीमेवरचे. मांजरा ओलांडली की बोधन, पुढे निजामाबाद. अर्ध्या गावाला तेलुगू समजतं आणि उरलेल्या अर्ध्याला तेलुगू सिनेमा समजतो. त्यातल्या गावप्रमुखाच्या घराला भलंमोठं फाटक, पांढरे गोल खांब आणि मधोमध पितळी साखळ्यांचा झोपाळा. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतल्या पुढाऱ्यांच्या बंगल्यांना समोर चार गोल खांब असतातच. बिलोलीत सरफराज खानाच्या नावाची जुनी दगडी मशीद उभी आहे, तिच्या कमानी पाहायला बाहेरगावची माणसं येतात. पण कमान हवी म्हणून मिस्त्रीला कुणी ती दाखवत नाही. मोबाइलवरचा हैदराबादचा लग्नाचा हॉल दाखवतात.

सिनेमाच्याही आधी भिंतीवर कागद आला. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती ज्या घरांत दुसरं एकही चित्र नव्हतं तिथेही पोचल्या. त्याच छापखान्यात दादासाहेब फाळके काम करून गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. म्हणजे भिंतीवरची तसबीर आणि पडद्यावरचं चित्र दोघांचंही आजोळ एकच निघतं. मग किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० पासून आणि दीनानाथ दलालांचा 'दीपावली' १९४५ पासून. निजामाच्या राज्यातल्या आमच्या गावांत हे अंक उशिरा यायचे, एखाद्या वकिलाच्या नाहीतर मास्तरांच्या घरी. ते सगळ्या गावानं वाचून झाले की मुखपृष्ठ सुटं व्हायचं. दलालांची डोळे मिटलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली ती कुठल्या अंकावर नाही, शिंप्याच्या दुकानात, काचेत. खाली फ्रेमवाल्यानं लावलेल्या मखमलीच्या पट्टीवर झुरळानं अंडी घातलेली.

अंकातल्या विणकामाच्या नमुन्यांनी तर घरंच्या घरं झाकली. रेडिओला झालर, टीव्हीला झालर, फ्रिजच्या मुठीलासुद्धा. काचेच्या नळ्यांचं तोरण, मोत्यांचा हंस, कापडावर भरलेलं 'सुस्वागतम'. ते भरून काचेत घालेपर्यंत भरणारी मुलगी सासरी गेलेली असायची, म्हणून माहेरच्या भिंतीवरून ती आपलं स्वागत आपणच करून घ्यायची. माझ्या मावशीकडे निर्मलहून आणलेली लाकडी फळं होती: सीताफळ, आंबा, पेरू, देठासकट रंगवलेली. शोकेसच्या काचेआड, किल्ली मावशीच्या कमरेला. पाहुण्यांची पोरं त्या आंब्याकडे टक लावून बसत आणि मावशी त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवी. पेरूवर बारीक दातांचे ठसे होते. मावशी म्हणे, उंदीर. आम्हा सगळ्यांना तो उंदीर नावानिशी माहीत होता.

जुन्या वस्तूंनी घर सजवण्याची चाल मात्र आमच्याकडे अजून नीटशी रुजलेली नाही. पुण्यात कुंभारवेशीपाशी बुधवारी-रविवारी जुना बाजार भरायचा. हैदराबादेत गुरुवारचा जुमेरात बाजार. शहरात राहणारी आमची एक वहिनी अशा बाजारांची पट्टीची फिरस्ती. सरकारी कचेरीतून निघालेली सागवानी खुर्ची, एका काट्याचं घड्याळ, हे तिनं कधी आणलं ते घरात कुणी विचारलं नाही. पण एकदा तिनं पितळेची मोठी परात आणून हॉलच्या भिंतीला टांगली. सासूबाई बिलोलीहून गेल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी परातीच्या काठावर ठोकलेली टिंबाटिंबांची अक्षरं वाचली. कुणा सौभाग्यवतीचं नाव, गाव, आणि साल १९५८.

"ही कोण गं?"

"काय माहीत, आई. जुन्या बाजारात मिळाली."

"मग कुणाच्या घरचं मोडून आणलंस हे?"

वहिनीला प्रश्न कळला नाही. सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ संसारात पाहिला होता. खडी फोडायला गेलेल्या बायांनी आधी काय विकलं, मग काय विकलं, आणि परात कितव्या नंबरला गेली, हे त्यांना पाठ होतं. परातीवर नाव असलेली बाई ती हौसेनं विकत नाही. त्यांनी परात उतरवायला लावली नाही, चिंच लावून घासली, लखलखीत केली, आणि म्हणाल्या, "भिंतीला नको. भाकरीचं पीठ मळत जा हिच्यात." शहरात भाकरी होत नव्हती. परात सध्या ओट्याखाली आहे आणि सासूबाई यायच्या असल्या की बाहेर निघते.

पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर हिंडून लोकांच्या घरांतल्या अशाच वस्तू गोळा केल्या: दिवे, अडकित्ते, दारं, कुंकवाचे करंडे. अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांचं संग्रहालय केलं. तिथे गेलं की मला सासूबाईंचा प्रश्न आठवतो, पण राग येत नाही. केळकरांनी ते विकायला ठेवलेलं नाही. राग येतो तो गढीच्या पडझडीत एक पिकअप येऊन उभी राहते तेव्हा. कोरीव चौकट सरपणाच्या भावानं जाते आणि पुढे कुठल्यातरी शेतघरात आरशाला तीच चौकट होते. विकणाऱ्याला त्या पैशात स्टीलचा कठडा येतो, त्यामुळे त्याला काही बोलायची सोय नाही.

आता गोष्ट आणखी पुढे गेली आहे. माझा पुण्यात नोकरी करणारा पुतण्या सगरोळीच्या रस्त्याला शेतात एक खोली बांधणार आहे, आणि ती मातीची, माळवदाची, देवळ्या असलेली. मोबाइलवर त्याच्याकडे पन्नास फोटो आहेत, त्यातले निम्मे परदेशातले. माळवद घालायला येणारा माणूस शोधता शोधता आम्ही एका म्हाताऱ्या गवंड्याकडे पोचलो. त्यानं फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिले.

"बांधू की. पर दरसाल मिरगाच्या आधी वर माती टाकाया कोण चढणार? तुमी तर पुण्याला."

पुतण्या म्हणाला, काळजी नको, आतून लोखंडी कॉलम घेऊ, वर स्लॅबच टाकू. त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, आणि कागदावर माती.

"मंग गळायचं न्हाई."

"नाही ना."

"आन पडायचं बी न्हाई."

"नाही."

"मंग माती कशाला, दादा?"

पुतण्या जरा घुटमळला. म्हणाला, "फोटोत दिसायला, बाबा."

म्हाताऱ्यानं मोबाइल परत दिला, तंबाखू मळून तोंडात टाकली, आणि ठरलेल्या रोजावर दोनशे रुपये वाढवून मागितले.