त्याच गोळ्यावाले अण्णा

संध्याकाळी दिवेलागणीला सीमेवरच्या, कर्नाटकातल्या निपाणीत कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभं राहावं, अण्णा येतातच. पांढरी विजार, टोपी, काखेत कापडी पिशवी. काउंटरवर कोपर टेकवून म्हणतात, "त्याच द्या." कुठल्या, हे सांगणं म्हणजे दुकानदाराच्या स्मरणशक्तीचा अपमान, असं त्यांचं मत.

दुकानात नवा पोरगा असला की पंचाईत होते. "गोळीचं नाव काय, अण्णा?" अण्णा पिशवीतून रिकामी स्ट्रिप काढतात. मागच्या महिन्यात कात्रीनं कापून दिलेली. नाव गेलंय पलीकडच्या तुकड्यावर, इकडं उरलीय फक्त लाल रेघ. "बीपीची बारीक पांढरी रं, आणि साखरेची ती मोठी, घशात अडकती ती." मेटफॉर्मिन हे नाव अण्णांनी आयुष्यात उच्चारलेलं नाही, पण अडकण्यावरून ते तिला अंधारातही ओळखतात. पोरगा मग मुकाट्यानं विचारतो, "येष्टु बेकु (किती पाहिजेत)?" "बारीक हत्तु (दहा), मोठ्या इप्पत्तु (वीस) दे." सीमाभागात आजार मराठीत सांगावा आणि हिशेब कन्नडमध्ये करावा, हा व्यवहार अण्णांना पाठ आहे.

पोरग्यानं चिठ्ठी मागितलीच, तर अण्णांची मान ताठ होते. जमिनीच्या उताऱ्यासारखी जपलेली चिठ्ठी ते बाहेर काढतात. लॅमिनेशन केलेली! डॉक्टर कोल्हापूरचे, चाळीसेक किलोमीटरवरचे. एकदा तिकडं जाऊन आलं, की काही वर्षं तरी जायची गरज नाही, हा अण्णांचा हिशेब.

"अण्णा, हिची तारीख बघा की."

"तारखेचं काय घेऊन बसलास? सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात हाय. त्याची मुदत संपली काय?"

यावर पोरगं काय बोलणार? खरं तर कायदा अण्णांच्या अगदीच विरोधात नाही. डॉक्टरांनी 'इतक्या वेळा द्यावी' असं चिठ्ठीवर लिहून दिलं असेल, तर तितक्या वेळा गोळ्या देता येतात. नाहीतर एका चिठ्ठीवर एकदाच. हे नियम १९४५ चे आणि राज्यपुनर्रचना १९५६ ची. म्हणजे चिठ्ठीचा तंटा सीमातंट्यापेक्षा अकरा वर्षांनी वडील.

सीमाप्रश्न पेटला किंवा सीमा अडली, की लोकांना घोषणा आठवतात, अण्णांना गोळ्या. २०२१ मध्ये निपाणी-कोल्हापूर रस्त्यावरच्या कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट मागायला लागले, डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या बस अडल्या. या दोन्ही घटना अण्णांनी 'आता डॉक्टरकडं कसं जायचं?' या सबबीत कायमच्या जमा करून टाकल्या. रस्ता केव्हाच सुरळीत झाला, सबब अजून सुरळीत चालू आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकानं हरकत घेतली, तेव्हा अण्णांना कोण आनंद! आपल्या तब्येतीवरून दोन सरकारं भांडतात, म्हणजे काय चेष्टा आहे? तब्येत दाखवायला मात्र ते दोन्हीकडं फिरकले नाहीत.

फीबद्दल विचारलं तर म्हणतात, "त्यो बीपी बघणार, मान हलवणार आणि त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणणार. ते मी घरात बसून फुकट म्हणतो की!" गल्लीत कुणाला गरगरलं, तर स्वतःच्यातली एक बारीक पांढरी काढून देण्याइतकं मन मोठं. त्यांच्या घरच्या काकू तेवढ्या गोळ्यांची डबी लपवून ठेवतात.

गेल्या उन्हाळ्यात पायांवर सूज आली, तेव्हा लेकानं गाडीत घालून नेलंच. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि खरंच मान हलवली, पण आडवी. बारीक पांढरी बदलायची होती. त्यांनी जुन्या चिठ्ठीवर पेन टेकवलं. लॅमिनेशनवरून ते सरकन घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. शेवटी त्यांनी कोरा कागद घेतला, नवी गोळी लिहिली, लघवी-रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि खाली ठळक अक्षरांत लिहून अधोरेखित केलं: 'एका महिन्यानं परत दाखवणे.'

अण्णांना ते अक्षर फार आवडलं. निपाणीत उतरल्या उतरल्या ते घरी न जाता आधी झेरॉक्सच्या दुकानात गेले. आता नव्या लॅमिनेशनमध्येही ती ओळ अगदी स्वच्छ वाचता येते.