तुकोबा, ४के

देहू आमच्या चिंचवडहून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे प्रभातचा ‘संत तुकाराम’ इकडे घरचाच मानतात. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली काढलेला हा बोलपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. परवा तो मेहुण्याच्या भल्यामोठ्या टीव्हीवर पाहिला. नावाखाली ऐटीत लिहिलेलं : ‘४के’. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस अवतरले आणि गालांवर एक सुरकुती नाही! घरात दाणा नाही, पण कांती अशी, की दारात आलेल्या सावकारानेही आधी क्रीमचं नाव विचारावं. इंद्रायणी तर इतकी नितळ, की तिच्यावरचा फेस बघायची सवय झालेल्या आम्हांला ती ओळखूच आली नाही.

सासूबाई मात्र खूश. “चष्म्याशिवाय दिसतंय,” म्हणाल्या. याला काय उत्तर देणार?

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या डीव्हीडीच्या एका चौकटीत ७२० गुणिले ५७६ ठिपके; ४केमध्ये ३८४० गुणिले २१६०. म्हणजे बरोबर वीसपट. मूळ निगेटिव्ह किंवा चांगली प्रिंट नव्याने स्कॅन केली, तर जादा तपशील फिल्मवरूनच येतो. डीव्हीडीच ताणून मोठी केली, तर तो येणार कुठून? मग यंत्र आजवर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं. विसात एक ठिपका पागनिसांचा, बाकीचे एकोणीस उपरे. हे दुखणं फक्त गरिबाघरचं नाही. २०२४ मध्ये जेम्स कॅमेरॉनचे ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ ४के डिस्कवर आले, तेव्हा चेहरे मेणाचे झाले म्हणून तिकडचे शौकीनही रुसले होते.

चकचकाटाशी माझं भांडण नाही, मुकाटपणाशी आहे. आमचे शेजारी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. त्यांच्याकडे रिवर्क झालेल्या पार्टला टॅग लागतो, रजिस्टरमध्ये नोंद होते. ठाकूनठोकून रिपेअर केलेला पार्ट गाडीला लावायचा, तर कस्टमरची लेखी मंजुरी लागते. एका ब्रॅकेटचा एवढा मान, आणि तुकोबांना साधी चिठ्ठीसुद्धा नाही! ‘मूळ प्रत अमुक, साफसफाई एवढी, यंत्राने भरलेलं तेवढं’ असं वेष्टनावर छापायला शाई ती किती लागणार?

शेजाऱ्यांना म्हटलं, “तुमचा नियम सिनेमाला लावायला हवा.”

ते खरोखर विचारात पडले. “पण मंजुरी कुणाची घेणार? दामले नाहीत, फत्तेलाल नाहीत.”

“सासूबाईंची घेऊ. पाहणाऱ्या त्याच.”

“त्या हो म्हणतील की!”

“म्हणू देत. पण आधी त्यांना विचारावं लागेल, आणि विचारायचं म्हणजे काय केलंय ते सांगावं लागेल. मला तेवढंच हवंय.”