पुढील स्थानक : महाकाल

उज्जैनला मेट्रो येणार, हे आता नक्की झालंय. म्हणजे अहवाल करायचं नक्की झालंय. इंदूरहून निघालेली गाडी उज्जैन शहरात शिरली की जमिनीखाली जाईल, असा बेत आहे. अहवालाचं काम दिल्ली मेट्रोकडे. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा बांधून काढलं, ते बहुधा अहवालाविनाच.

तसं उज्जैनला भुयाराचं नवल नाही. महाकाल स्वतःच जमिनीच्या पातळीखाली बसलेला. त्याच्या वरच्या मजल्यावर ओंकारेश्वर, त्याच्याही वर नागचंद्रेश्वर, ज्याचं दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडतं. भुयारी स्थानकाचा आराखडा तयारच आहे की! तळाला फलाट, मध्ये तिकीटखिडकी, आणि सरकता जिना फक्त नागपंचमीला चालू.

खोदणं मात्र अवघड. २०२१ साली देवळाच्या आवारात विस्ताराचं काम निघालं, तर खाली परमारकालीन देवळाचे अवशेष लागले. इथे कुदळ मारली की ठेकेदाराआधी पुरातत्त्व खातं हजर होतं.

पण मला खरी काळजी आहे ती उज्जैनच्याच कालभैरवाच्या भाविकांची. भैरवाला नैवेद्य दारूचा. पुजारी बाटली उघडतो, बशीत ओततो, बशी देवाच्या ओठांना लावतो, ती रिकामी होते आणि बाटलीतली उरलेली दारू प्रसाद म्हणून भक्ताला परत मिळते. आता दिल्ली मेट्रोने २०२३ मध्ये माणशी दोन सीलबंद बाटल्या न्यायला परवानगी दिली. तोच नियम इथे आणला, तर जाताना कुणी अडवणार नाही. येताना काय? सील देवासाठी फोडलेलं! तपासणीवरच्या जवानाने बाटली जप्त करायची, की तीर्थ म्हणून हात पुढे करायचा? अहवालात यावर स्वतंत्र प्रकरण हवं आणि दिल्लीच्या साहेबांनी ते प्रत्यक्ष पाहणी करूनच लिहावं. पाहणी एका दिवसात उरकू नये.

वेळापत्रकाचं काय, तेही विचारायला हवं. महाकालाची भस्मआरती पहाटे चारला, रांग मध्यरात्रीपासून. मेट्रो बहुतेक शहरांत उठते सहाच्या सुमाराला. शेवटच्या गाडीचा प्रश्न त्याहून नाजूक. इथला राजा महाकाल, म्हणून दुसऱ्या राजाने उज्जैनला रात्र काढू नये, अशी समजूत. मुख्यमंत्री म्हणूनच संध्याकाळी काढता पाय घेत. मोहन यादव पडले घरचेच. डिसेंबर २०२३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर ते इथे बिनदिक्कत मुक्कामाला राहिले. इतर राज्यांतून येणाऱ्या मुख्यमंत्र्यांसाठी तरी रात्रीच्या शेवटच्या गाडीत एक डबा राखून ठेवावा. खुर्चीला जपणाऱ्यांची गर्दी त्या डब्याला पुरून उरेल.

उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये आहे. मेट्रो येईतोवर इंदूरहून येणाऱ्यांनी बस धरावी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.