फोर-के काका

चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत एक गृहस्थ तुमच्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "ब्लॅक ख्रिसमस पाहिलायस?" हातातल्या मोदकाकडे बघत तुम्ही "नाही" म्हणता आणि तिथेच अडकता. "हो" म्हणूनही सुटका नाही. "कुठली प्रत?" हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

आम्ही त्यांना फोर-के काका म्हणतो. केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त, सकाळी सुखना तलावावर फेरी, गुरुवारचा उपास. रक्त तपासायला सुई टोचली तरी तोंड फिरवणारा हा माणूस. आणि ज्या काचेच्या कपाटात इतरांकडे डिनर सेट असतो, तिथे ह्यांच्याकडे सुरे, मुखवटे आणि किंचाळणाऱ्या मुली ओळीनं उभ्या. खुनाच्या जुन्या सिनेमांच्या डिस्क त्या, सगळ्या रिस्टोअर केलेल्या.

काकांचं लाडकं वाक्य एकच : "मूळ निगेटिव्हवरून काढलंय!" हे ते अशा आवाजात सांगतात, की जणू हापूस थेट देवगडच्या बागेतून आलाय. एकाच सिनेमाच्या त्यांच्याकडे चार-चार प्रती असतात. बावीस सेक्टरच्या लायब्ररीतून उचललेली जुनी कॅसेट, मग डीव्हीडी, मग ब्ल्यू-रे, मग सगळ्यात लख्ख चित्राची फोर-के. गोष्ट तीच, मरणारी माणसं तीच. "पण आता सुऱ्याच्या मुठीवरचे खिळे दिसतात ना!"

परदेशातून डिस्क मागवायची म्हणजे आधी भूगोल. ब्ल्यू-रेच्या नकाशात अमेरिका 'ए' विभागात, आपण 'सी' विभागात. तिकडची डिस्क इकडच्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. काकांनी म्हणून सगळे विभाग वाचणारा प्लेअर आणला. त्यानंतर फोर-के डिस्क आल्या, त्यांना विभागाची भानगडच नाही. ह्याचा आनंद मानावा की प्लेअरच्या पैशांचं दुःख, हे काकांचं अजून ठरलेलं नाही. वर कस्टमची ड्युटी. ती पावती काकूंच्या हाती लागू नये म्हणून ज्ञानेश्वरीत ठेवलेली असते. काकू ज्ञानेश्वरी रोज वाचतात, हे काकांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नाही.

सिनेमा दाखवायचा विधी ठरलेला. पडदे ओढायचे, चष्म्याच्या फडक्यानं डिस्क पुसायची (मधून कडेकडे, गोल नाही!), फोन बंद. आपण घाबरायच्या तयारीत बसतो. घरात शिरलेला खुनी जिना चढतो, दाराची मूठ फिरते, आणि काका रिमोटचं बटण दाबतात. "थांब. सावलीतले फिल्मचे दाणे बघ. पूर्वीच्या प्रतीत हे सगळं घासूनपुसून टाकलं होतं. माणसं मेणाची दिसायची." दाणे बघून होईपर्यंत आपली भीती उतरलेली असते. स्वयंपाकघरातून काकू विचारतात, "झाला का खून? मग पानं घेते."

'हॅलोविन'चा विषय निघाला तर रात्र गेलीच म्हणून समजा. जॉन कारपेंटरनं १९७८ साली काढलेला हा सिनेमा. त्यातल्या रात्रीच्या निळ्या छटेवरून काका भावाशी जितकं भांडले नसतील तितकं अनोळखी माणसांशी भांडले आहेत. १९९९ सालच्या डीव्हीडीचे रंग खुद्द कॅमेरामन डीन कंडी यांनी पसंत केले होते. २००७ च्या ब्ल्यू-रेत तो निळा गेला. २०१३ मध्ये कंडींनीच तो परत बसवला. ही हकीकत काका पानिपतासारखी सांगतात. शिवाय गोष्ट इलिनॉयमधल्या शरदातली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या वसंतातलं, त्यामुळे पानगळीची पानं रंगवून टाकायची, शॉट झाला की पुन्हा गोळा करायची. "आणि आता इतकं लख्ख केलंय की मागची ताडाची झाडंसुद्धा दिसतात!" म्हणजे लाखो रुपये खर्चून चूक स्वच्छ केली, असं आपल्याला वाटतं. काकांना तेच रिस्टोरेशनचं सार्थक वाटतं.

'ब्लॅक ख्रिसमस' हे मात्र खरं दैवत. १९७४, कॅनडा, दिग्दर्शक बॉब क्लार्क. मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येत राहतात आणि शेवटी कळतं, की ते त्याच घरातून येताहेत. खुनी पहिल्या मिनिटापासून माळ्यावर आहे. काका हे सगळं आधीच सांगून टाकतात. "गोष्टीत काय आहे रे? आवाज ऐक, आवाज!"

हा चष्मा मग सगळीकडे लागतो. कुणाच्या कोठीत, म्हणजे इथल्या बंगल्यात, वास्तुशांतीला गेले, की आहेर हातात ठेवून मागच्या सर्व्हिस लेनचं दार, स्वयंपाकघराची जाळी, बरसातीचा जिना बघून येतात. "इथून येईल." यजमान विचारतो, "कोण?" काका म्हणतात, "कुणीही." चंदीगड आखताना तेरावा सेक्टर गाळला होता, २०२० मध्ये मनीमाजराला तो आकडा मिळाला. काकांच्या पुतण्यानं तिथे जागा घेतली, तेव्हा त्यांनी पेढ्यांऐवजी 'फ्रायडे द थर्टीन्थ'ची डिस्क दिली.

आपल्याकडे असे सिनेमे नाहीत म्हटलेलं त्यांना खपत नाही. रामगोपाल वर्मांचा 'कौन', १९९९ : एक घर, तीन माणसं, गाणं एकही नाही, आणि आपली ऊर्मिला मातोंडकर. "हिंदीत एवढं धाडस!" 'माफीचा साक्षीदार'चं नाव काढलं, की मात्र काका पाणी आणायला उठतात. नाना पाटेकरांचा तो १९८६ चा सिनेमा जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा. ते सुरू झालं तेव्हा, १९७६ साली, काका पुण्यातच नववीत होते. कॉलेजात शिकणारी पोरं ओळखपाळख काढून घरात शिरत आणि नायलॉनच्या दोरीनं गळे आवळत. दिवेलागणीनंतर पुण्यात कुणी कुणाचं दार वाजवेना. काकांच्या आईनं दुधाचं भांडं खिडकीतून घ्यायला सुरुवात केली होती. त्या पोरांपैकी चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. हे आम्हाला काकूंनी सांगितलं. जगातला प्रत्येक मारेकरी दाणे मोजून ओळखणाऱ्या काकांनी तो एक सिनेमा पाहिलेला नाही. "चांगली प्रत कुठंय त्याची? आली की बघू," म्हणतात.

परवा रात्री साडेनऊला त्यांच्याकडे बेल वाजली. काकांनी टीव्ही बंद केला, दिवा घालवला, साखळी लावली आणि दाराआडून खास पुणेरी हिंदीत विचारलं, "कौन? नाम बताओ. किसका आदमी?"

"अंकलजी, पार्सल हैगा. ओटीपी दस्सो."

"इतनी रात को कौन पार्सल लाता है? पहचानपत्र दिखाओ."

"अहो," काकू आतून म्हणाल्या, "उघडा. तुमचाच खुनी आलाय. आणि ड्युटीची पावती ह्या वेळी माझ्याकडेच द्या, तेराव्या अध्यायात आता जागा नाही."