कंस कुठी हाय?

तुमच्याही गल्लीत एक असतीलच. निवृत्त, गणिताचे, आणि किराण्याच्या यादीतसुद्धा कंस घालणारे. आमच्या राजापेठेत त्यांना सगळे 'कंचे सर' म्हणतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी: 'कंचेभागुबेव' हा मंत्र त्यांनी जन्मभर पोरांकडून घोकून घेतला, आणि त्यातली पहिली दोन अक्षरं त्यांनाच आडनावासारखी चिकटली.

समोरच्यानं तोंड उघडलं की सर दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरतात, हवेतलं गरम पातेलं उचलावं तसे. मग प्रश्न येतो, "कंस कुठी हाय?"

एकदा मी नुसतं म्हणालो, "उद्या अंबादेवीला जाऊ आणि गिला वडा खाऊ किंवा घरीच जेवू." झालं, पातेलं वर! "देवी आन गिला वडा एका कंसात, का गिला वडा आन घर एका कंसात? पयल्या हिशोबानं घरी जेवलो तं देवी बुडते बाप्पा!" देवी खरंच बुडाली, कारण दुपारपर्यंत आम्ही ओट्यावरच होतो.

घरातही हेच. काकू म्हणाल्या, "जुने पेपर आन डबे भंगारवाल्याले देऊन टाका." सरांना लगेच शंका: 'जुने' हे फक्त पेपरांना, की डब्यांनाही? भंगारवाला तराजू धरून उभा. आता काकूच बोलताना तळवे धरतात. "(जुने पेपर)," असं हातांनी बांधून दाखवतात आणि मग पुढचा शब्द उच्चारतात. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात म्हणतात, ते असं.

2019 साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र भांडत होता. सर तेवढे खूश. "चाला, दशकाले पयला नंबर भेटला!"

किराणा दुकानातला प्रसंग मात्र मी विसरणार नाही. गल्ल्यावर नवा पोरगा. साखर 40 रुपयांची आणि 20चे 3 साबण. त्यानं दाबलं, 40 + 3 × 20. कॅल्क्युलेटर म्हणाला 860. पोरानं तेवढेच मागितले! दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरला कंचेभागुबेव माहीत नसतं; बटण दाबत जाल तसा तो हिशोब उरकत जातो, म्हणजे आधी 43 आणि मग त्याची वीसपट. तेच मोबाइलवर दाबलं की नीट 100 येतात. सरांचा चेहरा असा उजळला की सोन्याची खाण सापडलेला माणूस फिका पडावा. मागे सात गिऱ्हाइकं, आणि पुढे 'एम प्लस' या बटणाचा तास. 40 दाब, एम प्लस. 3 गुणिले 20, एम प्लस. आता आठवणीतून काढ: 100. शेवटी मालक आतून आले. तेही सरांचेच विद्यार्थी. "सर, शंभर द्या आन घरी जा नं."

मग कॉलनीच्या ग्रुपवर ते गणित आलं. 8 ÷ 2(2 + 2). सरांनी निकाल दिला: 1. "2ले कंस चिकटला म्हंजे 2 'चे' 4. चे अगोदर!" पुण्याहून सुट्टीवर आलेल्या एका इंजिनिअर पोरानं 16 लिहिलं. सरांनी त्याला ग्रुपवरच नापास केलं. त्यावर पोरानं शांतपणे सांगितलं की 2019मध्ये याच गणितावरून जगभर जुंपली होती. स्टीव्हन स्ट्रोगाट्झ या गणितज्ञानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं, की शाळेतल्या नेहमीच्या नियमानं उत्तर 16, पण असं संदिग्ध कुठलाही गणिती लिहिणारच नाही. सायंटिफिक कॅल्क्युलेटरचं मॉडेल बदललं की उत्तर बदलतं. ते दोन टिंबांचं भागाकाराचं चिन्हच वापरू नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

सर चार दिवस गप्प. कुणाला कंस विचारला नाही. इतकी वर्षं ज्याला वैतागलो, ते पातेलं वर येईना तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. (हे त्यांना सांगू नका.)

पाचव्या दिवशी रात्री ओट्यावर येऊन बसले. "सहामाहीले एक गणित टाकलं होतं म्या. 24 ÷ 4(1 + 2). मायं उत्तर 2. एका पोट्ट्यानं 18 लिवलं. दोन मार्काचं होतं, भोपळा देल्ला." थोडं थांबून म्हणाले, "पेपर घेऊन आलता तो माह्याकडे. मने, सर, 4च्या अगोदर कंस कुठी हाय?"

"मग?"

"कान पिळला त्याचा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुकानात होतो. बिल झालं 98. सरांनी शंभराची नोट ठेवली. मालक सुटे दोन रुपये काढू लागले.

"राहू दे, तुयेच हायेत."

"कायचे दोन, सर?"

सरांनी त्यांचा कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला, 2 दाबलं, एम प्लस दाबलं आणि पिशवी उचलून निघाले.