गॅसबत्तीचा पंचनामा

मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात भिरा येथील वीजगृहात उतरते आणि १९२७ पासून मुंबापुरीचे दिवे उजळते. ज्या धरणापायी मावळातील गावे बुडाली, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि ज्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी बहाल केली, त्याच जलाशयाच्या काठी, विजेच्या या माहेरी, सहकुटुंब तंबू ठोकून बसलेल्या आम्हां पुणेकरांस एक गॅसबत्ती पेटवता येऊ नये, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

बत्तीची रचना साधी: खाली लहानसे सिलिंडर, वर काच आणि मधोमध जाळीदार मेंटल. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली ज्याचे पेटंट घेतले ते हे मेंटल आधी जाळून घ्यावे लागते. सूत नष्ट होते, राखेचा सांगाडा उरतो आणि प्रकाश देतो तो हा सांगाडाच. सेवानिवृत्तीनंतर कामाचा उत्साह चढणारी मंडळी वगळली, तर असा पदार्थ सृष्टीत दुसरा नसावा.

आमचे तात्या महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. “मुद्देमालास कोणी हात लावू नये,” असे फर्मावून त्यांनी जबान्या घेण्यास प्रारंभ केला. वहिनींनी आगपेटी सर्दल्याची फिर्याद मांडली. तिच्याच काडीने शेजारी चूल पेटलेली असल्याने ती निकालात निघाली. मेहुण्यांच्या मते थंडीने गॅस गोठला होता. सिलिंडरातील प्रोपेन उणे ४२ अंशांवर आणि ब्युटेन शून्याच्या आसपास उकळते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर मुळशीस हिमपात झाल्याची नोंद आपल्या हयातीत कोणत्याही दफ्तरात आढळली नाही, असा तात्यांनी दुजोरा दिला.

म्हशी घेऊन परतणारा एक गुराखी हा सोहळा पाहत उभा होता. “पाव्हणं, वास कुठनं येतोय त्ये तर बघा!” तो म्हणाला. साक्षीदाराने पंचांच्या कामात दखल देऊ नये, अशी तात्यांनी त्यास समज दिली. परंतु वास मेंटलजवळ नसून खालच्या हवेच्या भोकांपाशी होता, हे खरेच. सूक्ष्म छिद्रातून सुटणारा गॅस भोकांतून हवा ओढून घेत नळीवाटे वर चढावा अशी योजना. नळीच चोंदली, तर तो बिचारा आल्या वाटेने परततो. गुराख्याने चावी बंद केली, नळी उलगडली आणि खराट्याचा हीर आत घातला. पांढऱ्या जाळ्याचे बोंडुक बाहेर आले, त्यामागून एक चिमुकला कोळी आला आणि कोणाचीही परवानगी न घेता गवतात नाहीसा झाला.

या झटापटीत मेंटल झडले. दुसरे बांधले, जाळले. पेटती काडी आधी जवळ धरून चावी हळूहळू सोडताच ‘भप्प’ असा उद्गार काढून बत्ती उजळली. तिच्याच प्रकाशात तात्यांनी कागद पुरा केला: “आरोपी कोळी, वय अज्ञात, फरारी.”

वाचकहो, बत्ती फडताळात ठेवताना नळीचे तोंड फडक्याने बांधावे, जादा मेंटल बाळगावे, गॅसचा वास शोधण्याचे काम सर्व काड्या विझवून केवळ नाकाने करावे. आणि काडी पेटवून वास शोधू पाहणाऱ्या मेहुण्यांस जलाशयाच्या पैलतीरी मुक्काम द्यावा.