तीन फ्लॅटवाले बेलवलकर

परवा आणखी एका साहेबांनी घर मागितलं. भरल्या सभागृहात, घोंगडी पांघरून, कापऱ्या आवाजात. या महिन्यातले हे तिसरे.

माणूस 58 वर्षांचा झाला, पेन्शनचे कागद मार्गी लागले, की आपण मूळचे कलावंतच होतो हे त्याला आठवतं. कुणी कराओके लावून ‘ओरिजिनल स्केल’मध्ये ओरडतो, कुणी तबल्याचा क्लास लावतो. त्यांच्याशी माझं भांडण नाही. ट्रॅक चार-पाच मिनिटांत संपतोच. पण ज्यांना नाटकाचा किडा चावला ते थेट गणपतराव बेलवलकर होतात. ‘सौभद्र’ करावं तर पदं म्हणावी लागतात, फार्स करावा तर पळावं लागतं आणि गुडघ्यांची वाटी नुकतीच बदललेली असते. ‘नटसम्राट’मध्ये नुसतं खचलं तरी भागतं, असा एक समज आहे. हे नाटक 1970 साली रंगभूमीवर आलं. मातब्बर नटांना घाम फोडणारी ती भूमिका आता ग्रॅच्युइटीबरोबरच मिळते.

बेलवलकरांनी होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकलं, म्हणून ते रस्त्यावर आले. आमच्या साहेबांनी काय वाटलं? पेढे. बाकी सगळं जागच्या जागी आहे : एक फ्लॅट राहता, एक भाड्यानं दिलेला, एक मुलीच्या नावावर, शिवाय कोकणात प्लॉट. एवढा माणूस निवाऱ्यासाठी हात पसरतो तेव्हा पहिल्या रांगेतला बिल्डर डोळे पुसतो. आता चौथा कुठे द्यायचा, या विचारानं त्याला गलबलून येत असावं.

घोंगडी ड्रेपरीवाल्याकडची होती. पण साहेबांना ती टोचते, म्हणून आतून निरोप समारंभाची शाल होती आणि तिच्या काठाला दुकानाची चिठ्ठी लोंबत होती. विंगेत प्रॉम्प्टिंगला त्यांचाच जुना हेडक्लार्क. पूर्वी टिपणी तो लिहायचा आणि सही साहेब ठोकायचे. आता वाक्य तो पुरवतो आणि हंबरडा साहेब फोडतात. कामाची वाटणी बदललेली नाही.

आणि ते घर. साहेब ज्या खात्यातून निवृत्त झाले, तिथून इमारतींना भोगवटापत्र मिळतं. म्हणजे मिळायचं असतं. घर या शब्दाशी त्यांचा तीस वर्षांचा व्यवहार, त्यामुळे स्वगतात तो शब्द आला की साहेब थांबतात. परवा मी मोजलं, 22 सेकंद. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी कुजबुजले, “काय पॉझ आहे हो!” अहो, हा कसला पॉझ? पॉझ आम्ही पाहिलाय. आमच्या इमारतीची फाइल साहेबांच्या टेबलावर 2014 साली गेली, तेव्हा त्यांनी जो पॉझ घेतला तो निवृत्तीपर्यंत सोडला नाही. मध्ये एकदा जिन्याची रुंदी विचारली, एकदा टाकीचा नकाशा मागवला, मग तो नकाशा गहाळ झाला, मग आम्ही दुसरा दिला तर पहिल्याशी ताडून पाहायला पहिला हवा म्हणाले. या काळात आमच्याकडची दोन लग्नं टँकरच्या पाण्यावर झाली. तळमजल्यावरचे आजोबा दर सोमवारी त्या कार्यालयात जायचे, बाकावर बसायचे, “साहेब मीटिंगमध्ये” ऐकून परत यायचे. कुठल्या मीटिंगमध्ये? तालमीला बसत होता काय? हात पसरून छप्पर कसं मागायचं हे शिकायचं होतं, तर त्या आजोबांकडे एकदा मान वर करून बघायचं होतं! फुकट शिकवणी होती, टेबलापासून सहा फुटांवर. आजोबा गेले. त्यांच्या नावावरचा फ्लॅट कागदोपत्री अजून राहण्यायोग्य नाही. आणि हा माणूस स्टेजवर ग्लिसरीन घालून रडतोय आणि मी पासावर बसून टाळ्या वाजवतोय!

होय, वाजवल्या. सगळे वाजवत होते.

प्रयोगानंतर रंगपटात गेलो. साहेब खुर्चीत बसून रंग पुसत होते, हेडक्लार्क चहा गार करत उभा.

“कसं झालं?”

“जिवंत झालं, साहेब. तेवढी आमची फाइल...”

“आता मी त्यातला नाही हो,” साहेब प्रसन्न हसले. “आता फक्त कलेची सेवा. पुढचा प्रयोग बोला, तुमच्या सोसायटीत करू. मानधन नको, एक श्रीफळ द्या.”

“करू की. गच्चीवर हॉल आहे.”

साहेबांचा हात थांबला. हेडक्लार्क वाकून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटला.

“म्हणजे ती टँकरवाली इमारत?” साहेब म्हणाले. “छे छे. भोगवटा नसताना तिथे कार्यक्रम? नियमात बसत नाही.”